खांबाचे देणे

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या लाखनीच्या घरात वहिनींचे एक काम ठरलेले असते. भिंती पोतारून झाल्या, ओसरी सारवून झाली, की त्या गेरूची वाटी घेऊन बसतात आणि ओसरीच्या चारही खांबांच्या तळखड्यांना एकेक तांबडा पट्टा ओढतात. चारांपैकी तीन खांब सागवानी आहेत; माथ्याला कमळ, कमळाखाली मण्यांची माळ, आणि खाली चौकोनाचा हळूहळू अष्टकोन होत गेलेला. चौथा ऐनाचा. त्याला कमळ नाही आणि माळही नाही. सुताराने साल काढली, वाकसाने चार घाव घालून तो जरा सरळ केला आणि उभा केला, एवढेच. पण गेरूचा पट्टा वहिनी त्यालाही तेवढाच रुंद ओढतात.

या खांबांपायी मी एकदा माझ्या थोरल्या भावाशी भांडलो होतो. त्या भांडणात माझी बाजू चुकीची होती हे कळायला मला बरीच वर्षे लागली. ती का चुकीची होती हे कळायला त्याहून अधिक. दिवाळीच्या दिवसांत भांडणाची गोष्ट काढू नये म्हणतात. पण या गोष्टीत जो प्रश्न दडलेला आहे तो घराघरांतला आहे, आणि घरातली सगळी माणसे एकत्र जमण्याचे दिवस हेच, म्हणून काढतो.

मी नागपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवीत असे. शिकवायला जे लागे त्यापेक्षा जे लागत नसे त्याचीच मला गोडी. खांब हा त्यांतलाच एक विषय. देवळात गेलो की लोक गाभाऱ्याकडे जात आणि मी मंडपात अडकून पडे. तुळई वर, जमीन खाली आणि मधे खांब. काम म्हटले तर इतके साधे. मग एकाच कामासाठी माणसाने इतकी निरनिराळी रूपे का घडवली असावीत, हे कोडे मला सुटत नसे.

त्याचे पहिले उत्तर दगडाने दिले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, ज्वालामुखीच्या लाव्हारसातून झालेला. तो नागपूरच्या आसपास संपतो. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती त्याच कातळाची. तिथून पूर्वेला, आमच्याकडे, जमीन बदलते आणि दगडही बदलतो. भूगर्भशास्त्रज्ञ आमच्या बाजूच्या अतिप्राचीन खडकांना शेजारच्या साकोलीचेच नाव देतात. काळा कातळ कठीण. त्यात नाजूक जाळी काढायची तर कारागिराच्या छिन्नीचा जीव जातो. म्हणून यादवकाळातली आपली देवळे पाहा. त्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, जरी त्यांतली कित्येक महादेव आणि रामचंद्र यादवांच्या त्या प्रधानापेक्षा जुनी आहेत. त्यांतल्या खांबाचे सौंदर्य मुख्यतः घडणीत असते: खाली चौकोन, मग अष्टकोन, मग सोळा कोन, मग वर्तुळ. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत चौकोनी खांबाला ब्रह्मकांत, अष्टकोनी खांबाला विष्णुकांत आणि सोळा कोनी वा गोल खांबाला रुद्रकांत म्हटले आहे. आपल्या कारागिरांनी हे तिन्ही आकार पुष्कळदा एकाच खांबात एकावर एक चढवले. आता तिथून दक्षिणेला कर्नाटकात उतरा. बेलूरचे देऊळ १११७ सालचे. तिथला दगड खाणीतून निघताना मऊ आणि पुढे हवेने कठीण होत जाणारा. त्यामुळे तिथे खांब चाकावर फिरवून लाकडी लाटण्यासारखे गोल, कंगोरेदार, आरशासारखे गुळगुळीत करता आले. खिद्रापूरचा कोपेश्वर या दोन प्रदेशांच्या सीमेवर, कृष्णाकाठी. त्याच्या स्वर्गमंडपात छताला मधोमध गोल आकाश उघडे ठेवले आहे आणि त्या आकाशाच्या कडेने बारा खांब वर्तुळात उभे आहेत. तिथे गेले की कळते, की राज्यांच्या सीमा असतात तशा हातांच्या नसतात.

दुसरे उत्तर भाराने दिले. आपल्या देवळात दगडाची तुळई खांबावर आडवी टाकलेली असते. दगड दाब पुष्कळ सोसतो. पण आडवा टाकून मधे वाकायला लावला तर तडकतो. म्हणून तुळया आखूड, आणि म्हणून खांब जवळजवळ. चुना नाही, भार सरळ खाली; आपल्या खांबाला फक्त ताठ उभे राहायचे असते. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चांची गोष्ट वेगळी. शाळेच्या ग्रंथालयात चित्रांचे एक जाडजूड पुस्तक होते, त्यावरून मी ती पाहिली. तिथे छत कमानींचे, आणि कमान नुसती खाली दाबत नाही, बाजूलाही रेटते. त्या रेट्याला प्रत्येक मुलखाने आपापल्या परीने उत्तर दिले. इंग्लंडच्या उत्तरेत डरहॅमला, १०९३ पासून, त्यांनी प्रचंड गोल खांब उभारले आणि त्यांच्या अंगावर नागमोडी आणि शंकरपाळ्यांसारखी नक्षी खोल कोरली. फ्रान्समध्ये शार्त्रचे चर्च ११९४ च्या आगीनंतर पुन्हा बांधताना एका जाड गाभ्याला चार बाजूंनी चार सडपातळ स्तंभ चिकटवले. त्यामुळे डोळा थेट छतापर्यंत चढत जातो. इंग्लंडच्या दक्षिणेत सॉल्झबरीला, १२२० पासून, गाभ्याभोवती काळसर चकचकीत दगडाच्या बारीक कांड्या उभ्या केल्या. एका धर्माची, जवळजवळ एकाच काळातली ही तीन चर्चे, पण खांबांना एकमेकांची ओळख पटू नये.

ही दोन्ही उत्तरे खरी आहेत. पण ती पुरेशी नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आले. दगड आणि भार मिळून खांबाची जाडी ठरवतील, उंची ठरवतील. कमळ ठरवणार नाहीत. कमळ नसते तरी छत पडले नसते. मग ते कोरले कशाला?

याचे उत्तर मला कीचकांनी दिले. आपल्या जुन्या देवळांत खांबाच्या माथ्याशी, जिथे तुळईचा भार उतरतो, तिथे बुटके, पोट सुटलेले, हात वर करून छत तोलणारे गण कोरलेले असतात. त्यांना कीचक म्हणतात. महाभारतातल्या त्या दांडगेश्वराचेच नाव. कोणाला दोन हात, कोणाला चार. कोणाचे गाल फुगलेले, डोळे बटबटीत, आणि एखादा चक्क हसतो आहे. युरोपातल्या कारागिरालाही हे सुचले होते. इटलीत बारी गावी बाराव्या शतकाच्या आसपासचे एक संगमरवरी धर्मासन आहे. ते पाठीवर घेतलेली माणसे अक्षरशः तोंड वासून कण्हताना दाखवली आहेत. या लोकांनी एकमेकांना पाहिले नव्हते. पण दोघांनाही एक गोष्ट जाणवली होती, की इथे कोणीतरी भार वाहतो आहे. आणि जो वाहतो त्याला निदान एक चेहरा तरी दिला पाहिजे. तेव्हापासून मला नक्षी ही भार वाहणाऱ्याला दिलेली पावती वाटू लागली. आम्ही तुझ्या जिवावर उभे आहो आणि आम्हांला ते ठाऊक आहे, असे त्या मुलखातल्या माणसांनी आपापल्या दगडाच्या भाषेत लिहून ठेवले, म्हणून त्या पावत्यांची अक्षरे निरनिराळी.

या विचारावर मी कित्येक वर्षे खूष होतो. एका सत्कार समारंभात त्याला तडा गेला.

गावातल्या एका वृद्ध गृहस्थांचा सत्कार होता. प्रत्येक वक्ता त्यांना कुटुंबाचा आधारस्तंभ, संस्थेचा आधारस्तंभ म्हणत होता. शाल झाली, श्रीफळ झाले, हार झाले. मी पहिल्या रांगेत होतो. त्या गृहस्थांचा चेहरा मला दिसत होता आणि तो मला ओळखीचा वाटत होता. घरी येताना आठवले: तो कीचकाचा चेहरा होता. आणि मनात आले, की पावती देऊन आपण व्यवहार मिटवला तर नाही? खांबाला कमळ कोरले की त्याच्याकडे पाहून आपण धन्य होतो, आणि तो तिथून हलणार नाही याचीही खात्री करून घेतो. आपल्या घरांत किती आयांना, किती वहिनींना, किती थोरल्या भावांना आपण असे कौतुकाचे कमळ कोरून जागच्या जागी उभे केले आहे! ‘तुझ्यावाचून या घराचे कसे होईल’ या वाक्यात कौतुक आहे. त्यात एक खिळाही आहे.

आता माझ्या दादाबद्दल सांगितले पाहिजे.

वडील गेले. मी शाळेत होतो. दादा मॅट्रिकच्या वर्गात. तेराव्यानंतर तो शाळेत गेला नाही. त्याला कोणी जाऊ नको म्हटले नव्हते. तो एका सकाळी बांधीवर गेला, आणि पुढची पन्नास वर्षे जात राहिला. धानाची रोवणी, बोडीचे पाणी, आईचे दुखणे, दोन बहिणींची लग्ने आणि माझे नागपूरचे शिक्षण. माझी मनिऑर्डर दर महिन्याला येई आणि तिच्यावरच्या चार ओळींत तो फक्त पावसाची बातमी लिही. मी पदवीधर झालो, शिक्षक झालो, व्याख्याने देऊ लागलो. खोटे कशाला बोलू, दादा मला मनातून जरा ओबडधोबड वाटे. माझ्या मित्रांसमोर त्याने बोलू नये असेही कधी कधी वाटे.

१९७२ च्या महाशिवरात्रीला आम्ही दोघे मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. आमच्या भागातली चुलबंद वैनगंगेला मिळते आणि ते पाणी वाहत वाहत मार्कंड्यापाशी जाते. तिथे नदी उत्तरेकडे वळते, म्हणून ते तीर्थ. गडचिरोली जिल्हा पुढे १९८२ साली झाला. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. विदर्भाचे खजुराहो म्हणतात ते उगाच नाही. मी भिंतीवरच्या मूर्ती पाहून हरखून गेलो होतो. मुख्य देवळावर पूर्वी कधी वीज पडली, शिखराचा माथा कोसळला, त्याने मंडपाचे छत फुटले. पुढे चांद्याच्या गोंड राजाने ते डागडुजी करून उभे केले, अशी हकीकत जुन्या पाहणीकारांनी लिहून ठेवली आहे. त्या डागडुजीचे जाड, ठोकळेबाज आधार आत पाहून मी नाक मुरडले. “काय हे! इतक्या सुंदर मंडपात ही ओझी आणून ठेवली.”

दादा काही बोलला नाही. त्याने त्या ठोकळ्यावर तळहात ठेवला, जसा तो बैलाच्या पाठीवर ठेवी. वर छताकडे पाहिले. मग म्हणाला, “हे नसते त तू आत येऊन पाह्यला असता का गा?”

मी हसण्यावारी नेले. पुढे ते चित्रांचे पुस्तक वाचताना फ्रान्समधल्या बोव्हे गावच्या चर्चची गोष्ट वाचली. त्यांना सर्वांत उंच छत हवे होते. १२८४ साली ते कोसळले. पुन्हा बांधताना त्यांनी जुन्या खांबांच्या मधे नवे खांब घातले. रेखीव अंतर बिघडले, पण छत अजून उभे आहे. सॉल्झबरीची गोष्ट त्याहून बोलकी. तिथल्या पहिल्या कारागिरांनी जे खांब घातले ते एका ठेंगण्या मनोऱ्याच्या हिशेबाने. पुढच्या पिढ्यांना हौस आली आणि त्यांनी त्याच खांबांवर ४०४ फूट उंचीचे शिखर चढवले. सुमारे ६,५०० टनांचा जादा भार. मधले चार खांब त्याने वाकले आहेत, आणि ते वाकणे नुसत्या डोळ्यांना दिसते म्हणतात. वाकले, पण सातशे वर्षे मोडले नाहीत. हे वाचताना मला सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा दिसला. त्यालाही कोणी त्या भाराच्या हिशेबाने घडवले नव्हते.

पण कळणे आणि वळणे यांत अंतर असते. नागपूरला मी फ्लॅट घेतला तेव्हा दिवाणखान्यात काहीतरी आपल्या घरचे असावे असे वाटले, आणि ओसरीचे सागवानी खांब डोळ्यांपुढे आले. चौथ्याला पूर्वीच एका पावसाळ्यात वाळवीने पोकळ केले होते आणि दादाने रातोरात ऐनाचा सोट आणून उभा केला होता. मी म्हटले, “तसाच आणखी एक ऐनाचा लाव, आणि कमळाचा एक मला दे. इथे कोण पाहतो त्याच्याकडे?” दादा नको म्हणाला. मी वाटणीचा शब्द काढला. आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. वहिनी चुलीपाशी उठून उभ्या राहिल्या. दादा बराच वेळ गप्प होता.

“तुले खांब पाह्यजे त घेऊन जाय,” तो म्हणाला. “पन छपराले का सांगू?”

मी रागाने परत आलो. मनात युक्तिवाद तयार होता: भार नसलेला खांबही खांबच. आमच्याच जिल्ह्यातल्या पवनीला सापडलेला महाक्षत्रप रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ नागपूरच्या अजबबंगल्यात आहे. त्याच्यावर कुठले छत आहे? पण त्याचेही उत्तर मला ठाऊक होते. तो स्तंभ मेलेल्या माणसाची आठवण म्हणून घडवलेला. माझा दादा जिवंत होता, आणि मी त्याच्या छपराखालून खांब काढून त्याची आठवण दिवाणखान्यात ठेवायला निघालो होतो.

दोन वर्षे मी लाखनीला गेलो नाही. मग गेलो, आणि शहाण्या माणसासारखा एक प्रायश्चित्ताचा बेत घेऊन गेलो. त्या ऐनाच्या खांबालाही आपण कमळ कोरून घेऊ, खर्च माझा. म्हणजे माझ्याच सिद्धांताप्रमाणे पावती. सुतार आला. त्याने खांब ठोकून पाहिला, वर तुळईकडे पाहिले आणि मान हलवली. कोरायचा तर खांब काढावा लागेल; काढायचा तर छपराला टेकू द्यावे लागतील; आणि भाराखाली इतकी वर्षे बसलेले लाकूड एकदा मोकळे केले की ते कसे वागेल सांगता येत नाही. दादा ओसरीच्या कडेला बसून हे ऐकत होता. त्याला हसू आले. “राहू दे गा. तो काम करून रायला. त्याले आता काहाले सोलतो?”

त्या वाक्यापाशी माझा इतक्या वर्षांचा विचार पुन्हा सुरू झाला. बेलूरचा खांब चाकावर फिरवला गेला तो उभा करण्यापूर्वी. आमच्या सागवानी खांबांची कमळे वडिलांच्या वडिलांनी कोरून घेतली तीही छप्पर चढण्यापूर्वी. नक्षी करायला खांबाला आधी सवड द्यावी लागते, आणि ती देणारे कोणीतरी असावे लागते. मला ती दादाने दिली होती. माझ्या अंगावर जे काही कोरकाम आहे ते त्याने भार घेतला म्हणून झाले. ज्याला ती सवड मिळाली नाही, जो वीज पडल्यावर धावत येऊन उभा राहिला, त्याला मागाहून कमळ कोरून त्याचे देणे फिटत नाही. तसे पाहिले तर नक्षीदार खांबाचा यात काही दोष नाही. मार्कंड्याच्या खांबांवर वीज पडली ती त्यांच्या सौंदर्यापायी नव्हे. साधेपणा हाही काही आपोआप सद्गुण होत नाही. प्रश्न एवढाच, की भाराखाली असलेल्या माणसाला आपण काय देऊ शकतो. कौतुक त्याला नको असेल असे नाही. पण त्याला आधी हवा असतो तो टेकू: चार घटका का होईना, वरचे वजन दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर.

माझ्यासारख्या माणसाकडून फार काही होण्याजोगे नव्हते. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी सुट्टी काढून दोन महिने राहिलो आणि दादाला रात्री झोपायला लावले. शेतीचे कर्ज होते, त्यातले निम्मे अंगावर घेतले. दादाने दोन्ही वेळा नको म्हटले. दोन्ही वेळा मी ऐकले नाही. वाटणीचा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आता दादा ऐंशीच्या घरातला आणि मी पंच्याहत्तरीचा. नॅशनल हायवेच्या दोन्ही अंगांना आता सिमेंटची घरे झाली. आमचे अजून कवेलूंचे आहे. पावसाळ्याआधी वैशाखात कवेलू फेरावे लागतात, आणि त्या चार दिवसांसाठी मी न चुकता लाखनीला जातो. वर चढायची आमची दोघांचीही ताकद नाही. वर पुतण्या असतो. दादा शिडीपाशी ऐनाच्या खांबाला पाठ टेकवून उभा राहतो. मी अंगणातल्या ढिगातून कवेलू उचलून त्याच्या हातात देतो, तो पुतण्याकडे देतो. पहिल्या दिवशी माझे हात भरून येतात आणि मी मधेच थांबतो. तेव्हा दादा हात पुढे केलेला तसाच ठेवतो आणि म्हणतो, “दे ना गा.”